डोळ्यातला बुडबुडा आणि बोरघाट

पेण किंवा रोहा तालुक्यातल्या गावात ‘डोळ्याचं ऑपरेशन’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात मोतीबिंदूच येतो. घरटी एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं ते झालेलं असतं. शिबिराची गाडी येते, माणसाला घेऊन जाते, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, काळा चष्मा आणि थेंबांची बाटली घेऊन माणूस घरी येतो आणि आठवडाभरात पडवीत बसून रस्त्यावरून कोण चाललंय ते ओळखू लागतो. या अनुभवातून एक समजूत पक्की झाली आहे: अवघड भाग ऑपरेशनच्या खोलीत संपतो, घरी आल्यावर फक्त आराम करायचा. मोतीबिंदूच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. डोळ्याचा पडदा सुटल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेला मात्र ती लावली की घोटाळा होतो. तिथे सर्जनने आपलं काम केल्यावर उरलेलं काम रुग्णाच्या मानेनं, उशीनं आणि घरच्यांच्या दक्षतेनं पुरं व्हायचं असतं. ‘आराम करा’ हा सल्ला इथे अपुरा आहे, आणि कधी कधी घातकही, कारण आराम म्हणजे उताणं पडून राहणं असंच आपण समजतो. या रुग्णाला गरज असते ती विशिष्ट स्थितीची आणि विशिष्ट वेळेची. रायगडसारख्या जिल्ह्यात, जिथे एक पाय समुद्रसपाटीवर आणि दुसरा घाटावर असतो, त्यात विशिष्ट जागेचीही भर पडते.

हे पटायचं तर आधी पडदा सुटतो म्हणजे काय होतं ते पाहावं लागेल. डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा. त्याच्या आतल्या भिंतीला चिकटून पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचं दृष्टिपटल असतं. त्यालाच आपण पडदा म्हणतो. आतली पोकळी सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक जेलीनं भरलेली असते. पन्नाशी-साठीनंतर ही जेली पातळ होते, आकसते आणि पडद्यापासून सुटू लागते. बहुतेकांच्या डोळ्यात हे काही न बिघडवता होतं. थोड्यांच्या डोळ्यात मात्र ती एखाद्या जागी घट्ट चिकटलेली असते. तिथे ती ओढली जाते, पडद्याला छिद्र पडतं आणि त्यातून पाणी पडद्यामागे शिरतं. जास्त मायनस नंबर असलेले, आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, डोळ्याला जबर मार लागलेले आणि घराण्यात हा आजार असलेले लोक यात अधिक दिसतात. डोळ्यासमोर अचानक काळ्या माश्या किंवा काजळीसारखे कण, कडेला वीज चमकल्यासारखा प्रकाश आणि मग एका बाजूनं सरकत येणारी सावली, ही त्याची खूण. दुखत अजिबात नाही, आणि म्हणूनच उशीर होतो.

पेणच्या खारेपाटात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. खाडीच्या बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं. कितीही पंप लावून पाणी उपसलं तरी खांड बुजवल्याशिवाय शेत कोरडं होत नाही. ती बुजवताना माती टाकून भागत नाही, ती बसेपर्यंत तिथून पाण्याचा लोट जाणार नाही याची व्यवस्था करावी लागते. डोळ्यांच्या वैद्यकाला हे इतकं साधं तत्त्व उमगायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधी सुटलेला पडदा म्हणजे आंधळेपण हे जवळपास ठरलेलंच होतं. डॉक्टर पडद्यामागचं पाणी काढत, ते पुन्हा भरे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातले नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी ठामपणे मांडलं की छिद्र हा आजाराचा परिणाम नसून कारण आहे. ते शोधा आणि बंद करा. त्यांनी छिद्राच्या जागी डाग देऊन पडदा खालच्या थराला चिकटवला. अनेक वर्षांच्या विरोधानंतर १९२९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रतज्ज्ञ परिषदेत त्यांचं म्हणणं सर्वमान्य झालं. आज डागाऐवजी लेसर किंवा अतिथंड सळई वापरतात, पण तत्त्व गोनँ यांचंच. खांड बुजली की मागं उरलेलं पाणी डोळ्याचाच एक पेशीथर हळूहळू शोषून घेतो. ओहोटीला शेतातलं पाणी उघाडीतून निघून जावं तसं.

गोनँ यांच्या काळातला उपचारोत्तर नियम मात्र आजच्या ‘आराम करा’चा आजोबा म्हणावा असा होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि कित्येक दिवस, कधी आठवडे, बिछान्यात निश्चल. डोळा हलला की पडदा सुटेल ही भीती त्यामागे होती. या पडून राहण्याची किंमत मोठी होती: पाठीला जखमा, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, आणि दोन्ही डोळे बांधलेल्या म्हाताऱ्या माणसांची भ्रमिष्ट अवस्था. पुढे १९५० च्या आसपास डोळ्याच्या बाहेरून पट्टा लावून भिंत आत दाबण्याची पद्धत आली, दोन्ही डोळ्यांनी आत नीट पाहता येईल असं उपकरण चार्ल्स स्केपन्स यांनी बनवलं, १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी जेली काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रुजवली. या वाटेवर वाळूच्या पिशव्या आणि आठवड्यांची निश्चलता सुटत गेली. निकाल बिघडले नाहीत, सुधारतच गेले. आज पहिल्याच शस्त्रक्रियेत शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद पडदे बसतात, गरज पडल्यास पुन्हा केलेल्या शस्त्रक्रिया धरून त्याहूनही अधिक. या इतिहासातून मी जो अर्थ काढतो तो असा: पडदा बसवण्याचं काम निश्चलतेनं कधीच केलं नव्हतं. पडदा टिकला तो छिद्र नीट बंद झालं म्हणून.

मग आता रुग्णाला पालथं का झोपवतात? इथेच बुडबुडा येतो. जेली काढल्यावर डोळ्यात हवा किंवा हवेबरोबर मिसळलेला एक वायू भरतात. नुसती हवा काही दिवसांत विरते, सल्फर हेक्झाफ्लोराइड साधारण दोन आठवडे टिकतो, परफ्लुरोप्रोपेन सहा ते आठ आठवडे. लेसरनं दिलेल्या डागाला पक्कं व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर छिद्रातून पाणी आत जाता कामा नये, आणि ते थोपवणं हे बुडबुड्याचं काम. बुडबुडा पाण्याहून हलका, त्यामुळे तो नेहमी वर जातो. डोकं ज्या बाजूला वळेल त्यानुसार डोळ्यातली ‘वर’ बदलते. छिद्र डोळ्याच्या वरच्या भागात असेल तर माणूस नुसता ताठ बसला तरी बुडबुडा छिद्रावर येतो. छिद्र कानाच्या बाजूला असेल तर त्याच्या उलट कुशीवर झोपलं की काम होतं. मागच्या भागाला, जिथे नजरेचा केंद्रबिंदू असतो, आधार हवा असेल तर तोंड जमिनीकडे हवं. आणि उताणं झोपलं तर? बुडबुडा पुढे येऊन भिंगाला आणि बुबुळाला टेकतो, मोतीबिंदू लवकर वाढतो, डोळ्यातला दाबही चढू शकतो. म्हणजे मोतीबिंदूच्या रुग्णाला जी झोप आपण प्रेमानं सुचवतो, तीच इथे एकमेव वर्ज्य झोप. शेजारच्याला पालथं झोपवलं होतं म्हणून आपणही पालथं झोपावं, हेही चूक. प्रत्येकाचं छिद्र वेगळ्या जागी असतं. डिस्चार्जच्या वेळी कागदावर डोळ्याचं साधं वर्तुळ काढून ‘छिद्र इथे, डोकं असं’ एवढं लिहून घेतलं, तरी घरच्यांचे निम्मे वाद मिटतील.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो डॉक्टरांच्याच जगातून येतो. स्थितीचा खरंच किती उपयोग होतो? काही सर्जन आठवडाभर सांगतात, काही दोन दिवस, काही वरच्या छिद्रांसाठी जवळपास काहीच नाही. एवढी तफावत असेल तर रुग्णानं मान मोडेपर्यंत का झिजावं? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सरसकट ‘होय’ असं देता येत नाही. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयात केंद्रबिंदू सुटलेल्या अडीचशेहून अधिक रुग्णांवर एक नियंत्रित चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चोवीस तास पालथं ठेवलं, निम्म्यांना लगेच छिद्राच्या जागेनुसार स्थिती दिली. सहा महिन्यांनी पाहिलं तर पडदा आपल्या मूळ जागेपासून किंचित सरकून बसल्याचं प्रमाण पालथ्या गटात शंभरात ४२ आणि दुसऱ्या गटात ५८ होतं. एकाच्या दोन वस्तू दिसण्याची तक्रारही पालथ्या गटात कमी होती. तक्त्यावरची अक्षरं वाचण्याच्या क्षमतेत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. मला ही चाचणी महत्त्वाची वाटते ती तिच्या दोन्ही बाजूंमुळे. स्थितीनं चमत्कार होत नाही, पण पडदा कुठे आणि कसा बसतो यावर तिचा मोजता येईल असा परिणाम होतो. आणि हा परिणाम पहिल्या चोवीस तासांचा आहे. दहाव्या दिवशीच्या हटवादीपणापेक्षा पहिल्या रात्रीची शिस्त मोलाची. नेमकी ती पहिली रात्रच आपल्याकडे गाडीत, नातेवाइकांच्या गर्दीत आणि ‘जरा पाठ टेका हो’ या आग्रहात वाया जाते.

आता घाटाकडे वळतो. पेण, रोहा, नागोठणं, वडखळ हा सगळा टापू समुद्रसपाटीला लागून आहे. इथल्या माणसाला पडद्याच्या सर्जनकडे जायचं तर मुख्य वाटा दोन. एक उत्तरेला: पनवेल, जिथे लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि शंकरा नेत्र रुग्णालय आहे, किंवा त्यापुढे मुंबई. दुसरी पूर्वेला: खोपोलीहून बोरघाट चढून किंवा कोलाड-विळे मार्गे ताम्हिणी चढून पुणं. घरचं कुणी पुण्यात नोकरीला असेल तर दुसरी वाट साहजिक वाटते. सर्जनच्या हाताचा विचार केला तर दोन्हीकडे उत्तम माणसं आहेत. फरक आहे तो हवेच्या दाबाचा. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सहाशेहून अधिक. एवढ्या चढाला हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी कमी होतो. बाहेरचा दाब कमी झाला की बंदिस्त वायू फुगतो, हा शाळेत शिकलेला बॉईलचा नियम. डोळा बुडबुड्यानं पूर्ण भरलेला असेल तर चार मिलिलिटरचे सात टक्के म्हणजे पाव मिलिलिटरहून थोडं अधिक. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण बुबुळाच्या पुढच्या पोकळीत सगळं मिळून पाणी असतं तेच मुळी सुमारे पाव मिलिलिटर. डोळ्यातून पाणी झिरपून जाण्याचा नेहमीचा वेग मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर. पाव मिलिलिटर म्हणजे अडीचशे मायक्रोलिटर. आणि द्रुतगती मार्गावरची गाडी घाट अर्ध्या तासाच्या आत चढते. डोळ्याची भिंत थोडी ताणते, आतल्या रक्तवाहिन्या थोड्या दबतात, झिरपणं वाढतं. तरीही हिशेब पुरता जुळत नाही, आणि उरलेलं सगळं दाबाच्या रूपानं डोळ्याच्या नसेवर येतं. डोळा ठणकू लागतो, मळमळतं, नजर अंधारते. ती मळमळ ‘घाट लागला’ म्हणून लिंबू हुंगून सोडून दिली जाण्याची शक्यता मोठी आहे.

याचा अर्थ घाट चढला की डोळा गेलाच असा नाही. बुडबुडा विरून चौथाईवर आला असेल तर फुगवटाही चौथाईच, आणि अशा डोळ्याला तो बहुधा झेपतो. प्रश्न पहिल्या दिवसांतल्या भरलेल्या डोळ्याचा आहे, आणि ज्यांना काचबिंदूचा त्रास आधीपासून आहे त्यांचा अधिकच. पुण्यात शस्त्रक्रिया झालेला माणूस खाली उतरून पेणला आला तर बुडबुडा उलट किंचित आकसतो. ती दिशा त्यामानानं सोसण्याजोगी. पण आठ दिवसांनी तपासणीला पुन्हा वर जायचंच असतं, आणि नेमकं तेच धोक्याचं. म्हणून पुण्याला जायचं ठरलं तर वायू विरेपर्यंत तिथेच राहण्याची सोय आधी पाहावी. ती नसेल तर पनवेल-मुंबईची सपाटीवरची वाट धरावी. हा निर्णय रुग्णालयाच्या नावावरून किंवा कुठल्या भाच्याची खोली मोठी आहे यावरून घेण्यापेक्षा उंचीच्या नकाशावरून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि घाट केवळ तपासणीसाठीच चढला जातो असं नाही. रायगडातल्या अनेक आगरी-कोळी घरांची कुलस्वामिनी एकवीरा कार्ल्याच्या डोंगरावर, बोरघाटाच्या वर आहे. डोळा वाचला की पहिला नवस तिथलाच. चैत्रातली यात्रा शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात आली तर घरातलं कुणीही गाडी ठरवायला मागंपुढं पाहणार नाही. अशा घराला ‘प्रवास टाळा’ असं मोघम सांगून काही कळत नाही. ‘डोळ्यातला बुडबुडा पूर्ण जाईपर्यंत कार्ला, माथेरान, रायगड किल्ला नाही, पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक घाटाखालीच आहेत, तिथे डॉक्टरांना विचारून जा’ असं सांगितलं तर लगेच कळतं. विमानाचं तर बोलायलाच नको. केबिनमधली हवा २,४०० मीटरपर्यंतच्या उंचीइतकी विरळ असू शकते, तिथे बुडबुडा जवळजवळ एक तृतीयांशानं फुगतो. आखाती देशांत नोकरी करणारा मुलगा रजा संपत आली म्हणून डोळ्यात वायू असताना विमानात बसला, तर तो डोळा कायमचा गमावू शकतो. तिसरा धोका जमिनीवरचा आहे. भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो रक्तातून बुडबुड्यात शिरतो आणि त्याला झपाट्यानं फुगवतो. वायू भरलेल्या रुग्णाच्या मनगटाला रुग्णालय एक पट्टी बांधतं ती याचसाठी. ती सौंदर्याला बाधा येते म्हणून किंवा अंघोळीत भिजते म्हणून कापून टाकू नये. उद्या पाय मोडून पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जावं लागलं, तर भूलतज्ज्ञाला ती पट्टीच पहिली सूचना देईल.

गमतीची गोष्ट म्हणजे आपल्याकडे भीती घातली जाते ती भलत्याच गोष्टीची. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यानं लोकांना इतकी वर्षं खड्ड्यांतून नेलं आहे की ‘धक्क्यानं पडदा पुन्हा सुटेल’ ही धास्ती घरोघर आहे. त्यापायी तपासणीच चुकवली जाते. पण वर सांगितलेला इतिहास आठवा: डोकं वाळूच्या पिशव्यांत जखडून ठेवणं सोडलं तरी पडदे टिकले. पडदा सुटतो तो आतल्या ओढीनं आणि छिद्रातून शिरणाऱ्या पाण्यानं. मागच्या सीटवर, सांगितलेल्या स्थितीत डोकं धरून, सावकाश चालवलेल्या गाडीतून पनवेल गाठणं हे तपासणी चुकवण्याहून कितीतरी सुरक्षित आहे. दिवा-रोहा गाडीत बसायला जागा मिळाली तर तीही चालेल. गर्दीत कुणाचं कोपर डोळ्याला लागू नये म्हणून संरक्षक झाकण लावावं एवढंच. दुचाकीवर मागं बसून जाणं मात्र नको. तिथे डोकं हव्या त्या स्थितीत राहत नाही, शिवाय धूळ आणि पडण्याचा धोका आहेच.

घरातल्या व्यवस्थेबद्दल थोडं. पालथं राहण्यासाठी बाजारात खास खुर्च्या मिळतात, पण आपल्या घरात चुंबळ असते. डोक्यावर हंडा घ्यायला बायका करतात तशीच, पण मोठी, जाड चादरीची वळून केली तर कपाळ आणि गाल तिच्यावर टेकतात, मधली पोकळी डोळ्यासाठी आणि श्वासासाठी मोकळी राहते. दिवसा टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकून बसता येतं. तासातली दहा मिनिटं उठून, मान खालीच ठेवून चालावं. पोटऱ्यांतलं रक्त खेळतं राहणं जुन्या काळी दुर्लक्षिलं गेलं आणि त्यानं माणसं दगावली. कोपरांवर सतत भार देऊ नये, करंगळी बधिर होते. खाली ठेवलेल्या मोबाइलवर काही पाहिलं तर पडद्याला अपाय होत नाही. वाचन आणि टीव्हीवरची बंदी हा निश्चलतेच्या काळाचा उरलेला अंश आहे. पथ्याच्या नावाखाली मासळी, अंडी, वांगी, आंबट बंद करतात, त्यालाही आधार नाही. कोलंबीच्या कालवणानं पडदा सुटत नाही. साखरेचा आजार असेल तर मात्र साखर ताब्यात हवी. खरं पथ्य डोळ्यात काय जातं याचं आहे: मध, गुलाबपाणी, एरंडेल, विहिरीचं पाणी, यातलं काहीही नको. डोक्यावरून अंघोळ सर्जन सांगेपर्यंत थांबवावी. थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. काहींच्या डोळ्याचा दाब त्यानं वाढतो, म्हणून ते मनानं चालू ठेवू नये आणि मनानं बंदही करू नये.

दुसरा मोठा आक्षेप पोटाचा आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर असलेल्या किंवा भाताची लावणी तोंडावर आलेल्या माणसाला आठवडाभर पालथं पडा, महिनाभर ओझं उचलू नका हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड. तो म्हणेल, डॉक्टर, हे पगारी माणसांचं औषध आहे. हा आक्षेप नैतिक उपदेशानं खोडून काढता येत नाही. पण आकड्यांनी त्याला थोडं उत्तर देता येतं. पडदा पुन्हा सुटला तर दुसरी शस्त्रक्रिया, पुन्हा तीच स्थिती, आणि नजर परतण्याची शक्यता आधीहून कमी. म्हणजे वाचवलेल्या आठवड्याच्या जागी दोन-तीन महिने जातात. सर्जननंही इथे सवलतीचा हिशेब मांडायला हवा: कुठले दोन दिवस अटळ, कुठल्या दिवसांत निम्मा वेळ चालेल, कुठल्या कामाला कधी हात लावता येईल. सगळंच सारखं बंद सांगितलं की माणूस सगळंच सारखं मोडतो.

काही जण सुचवतात की वायूऐवजी तेल भरा, कटकट नको. सिलिकॉन तेल विरत नाही, घाटात किंवा विमानात फुगतही नाही, आणि गुंतागुंतीच्या डोळ्यांत तेच योग्य ठरतं. पण तेही पाण्याहून हलकं आहे, वर तरंगतं, आणि डोळ्याच्या तळाच्या भागाला त्याचा आधार पुरेसा मिळत नाही. म्हणून स्थिती त्यालाही लागते. शिवाय ते साधारण तीन ते सहा महिन्यांनी काढावं लागतं. तेल भरून घेतलं, बरं दिसू लागलं आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च नको म्हणून माणूस फिरकलाच नाही, तर दाब वाढून किंवा बुबुळावरचा पारदर्शक भाग पांढुरका होऊन वाचवलेला डोळा जाऊ शकतो. तेल भरायचं ठरतं त्याच दिवशी ते काढण्याची तारीख आणि पैसे यांचं बोलणं व्हायला हवं.

नजर कशी परतते हेही आधी माहीत असलं तर घबराट कमी होते. वायूनं भरलेल्या डोळ्याला सुरुवातीला हात हललेला कळतो, बाकी सगळं धूसर. मग एके दिवशी वरच्या बाजूला उजेडाची पट्टी उघडते आणि तिच्याखाली एक रेघ हलताना दिसते. बुडबुडा डोळ्यात वर असतो, पण दृश्य उलटं पडत असल्यानं तो आपल्याला खाली दिसतो. ही रेघ रोज थोडी खाली उतरते, खाडीच्या किनाऱ्यावर ओहोटीची खूण उतरावी तशी. शेवटी गवंड्याच्या पाणसळीतला असतो तसा एक गोल ठिपका तळाशी डुलत राहतो, कधी त्याचे दोन-तीन होतात, आणि एका सकाळी तो नसतो. घाटाची बंदी तेव्हाच उठवायची असते, तीही डॉक्टरांनी आत पाहून खात्री केल्यावर. केंद्रबिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली असेल तर नजर बरीचशी पूर्ववत येते. तो सुटला असेल तर सुधारणा महिनोन्महिने, कधी वर्षभर रेंगाळते आणि पूर्ण होईलच असं नाही. पहिले दोन-तीन महिने एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. शंभरातल्या पाच-दहा जणांच्या पडद्यावर व्रणासारखी पापुद्री तयार होते आणि ती पडद्याला पुन्हा ओढते. सावली परत आली, नजर कमी झाली, दुखणं वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघावं. जेली काढलेल्या डोळ्यात पन्नाशीनंतरच्या बहुतेकांना वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदू होतो. ती शस्त्रक्रिया फसल्याची खूण नव्हे. आणि दुसरा डोळा विसरू नये. त्यातही कमकुवत जागा असू शकतात, आणि छिद्र पडताच सापडलं तर लेसरच्या काही मिनिटांत काम होतं.

या सगळ्याचा सर्वांत कठीण हिशेब पेणच्या गणपती कारखान्यांत मांडावा लागेल. हमरापूर, जोहे या गावांत आणि पेण शहरात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात हा कारखान्याचा सर्वांत मोलाचा हात. त्याला हवी असते सरळ रेषा सरळ दिसणारी नजर, आणि कुंचल्याचं टोक मूर्तीला कुठे टेकतं याचा नेमका अंदाज, जो दोन्ही डोळे मिळूनच येतो. पडदा सरकून बसलेल्या डोळ्याला रेषा वाकडी दिसते, वस्तू लहान किंवा मोठी भासते, दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. मूरफील्ड्सच्या चाचणीत अक्षरांच्या तक्त्यात न दिसलेला पण सरकण्याच्या मोजमापात दिसलेला फरक आखणी करणाऱ्याला मात्र रोज दिसेल. पहिल्या चोवीस तासांची स्थिती त्याच्यासाठी म्हणूनच इतरांहून महत्त्वाची. घरच्या घरी तपासायला शाळेच्या गणिताच्या वहीचं चौकटींचं पान पुरतं: एक डोळा झाकून पाहावं, कुठली रेघ वाकते, दर आठवड्याला ती वाकण कमी होते का. ज्येष्ठात शस्त्रक्रिया झाली आणि जास्त टिकणारा वायू भरला तर बुडबुडा श्रावणापर्यंत राहतो, चष्म्याचा पक्का नंबर त्याहीनंतर. त्या वर्षीची आखणी दुसऱ्या हातानं करावी लागेल, आणि पॉलिश पेपरनं घासण्याचं धुळीचं कामही त्याला देता येणार नाही. तो कारखान्यात बसून रंग कालवायला सांगू शकेल, शिकाऊ मुलांच्या हातातला कुंचला सुधारू शकेल. पण पेणचा कारखाना भाद्रपदात बंद होत नाही. विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाच्या मूर्ती साच्यातून निघू लागतात, आणि त्या वाळून, घासून, रंगून आखणीपर्यंत येतात तोवर त्याच्या डोळ्यावर नवा चष्मा असेल आणि वहीतल्या रेघा, जितक्या सरळ व्हायच्या तितक्या, सरळ झालेल्या असतील.